फॅन्टसी फुटबॉलमधला हुकमी वाइड रिसीव्हर: दर आठवड्याचा अंदाज कसा बांधावा

2024 साली चवथ 7 सप्टेंबरला, शनिवारी होती. आमच्या फोंड्याच्या घरी गणपती दीड दिवसाचा असतो. रविवारी संध्याकाळी तळीवर विसर्जन झाले, माटोळीची फळे उतरवून शेजारी वाटून झाली, घुमटे खुंटीला लागली, आणि रात्री साडेदहाला वडीलधारी माणसे झोपायला गेल्यावर आम्ही तिघे भाऊ पडवीत लॅपटॉपसमोर बसलो. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक स्पर्धेच्या नव्या हंगामाचा तो पहिला रविवार होता. फॅन्टसी फुटबॉलमध्ये खरे खेळाडू निवडून आपला कागदी संघ बांधायचा असतो आणि त्यांच्या खऱ्या सामन्यांतल्या कामगिरीवरून गुण मोजायचे असतात. आमच्या अशा घरगुती लीगमध्ये आतेभावाने सिनसिनाटी बेंगल्सच्या जमार चेस या वाइड रिसीव्हरला निवडीच्या पहिल्याच फेरीत उचलले होते. नव्या कराराच्या वाटाघाटींमुळे चेस त्या वर्षी सराव शिबिरात जवळजवळ उतरलाच नव्हता, आणि त्या रात्री न्यू इंग्लंड पॅट्रियट्सविरुद्ध त्याने 6 झेल घेऊन 62 यार्ड अंतर मिळवले. टचडाउन, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेणे, एकही नाही. बेंगल्स 10-16 असे हरले. सकाळ होताच आतेभाऊ चेसला दुसऱ्याच्या गळ्यात घालायला निघाला. आम्ही दोघांनी त्याला अडवले. तो हंगाम संपला तेव्हा चेसच्या नावावर 127 झेल, 1,708 यार्ड आणि 17 टचडाउन होते, आणि या तिन्ही बाबतींत तो साऱ्या एनएफएलमध्ये पहिला होता.

त्या सकाळी आतेभावाला जे समजावून सांगितले, तेच येथे नीट मांडून सांगत आहे. आपल्या संघात असा एखादा हुकमी वाइड रिसीव्हर असेल, तर येत्या आठवड्यात त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवावी, कोणत्या बातमीकडे लक्ष द्यावे, कोणतीकडे काणाडोळा करावा, आणि गोव्याच्या घड्याळाप्रमाणे हे काम केव्हा उरकावे, याचा हा मार्गदर्शक आहे. त्याचा पाया एकच आहे: मागच्या आठवड्यात खेळाडूला गुण किती मिळाले हे पाहू नये, त्याला संधी किती मिळाल्या हे पाहावे.

गुण कसे जमतात

वाइड रिसीव्हर म्हणजे क्वार्टरबॅकने, अर्थात संघाच्या मुख्य फेकणाऱ्याने, फेकलेला चेंडू धावत जाऊन झेलणारा खेळाडू. नेहमीच्या पद्धतीत त्याला दर 10 यार्डांना 1 गुण आणि टचडाउनला 6 गुण मिळतात, तर हातातून निसटलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याने बळकावला तर 2 गुण कापले जातात. काही लीगमध्ये दर झेलाला 1 गुण असतो, काहींत अर्धा, काहींत शून्य. आपली लीग कोणत्या प्रकारची आहे हे आधी पक्के माहीत करून घ्यावे, कारण अंदाजाचे सगळे गणित तेथूनच बदलते. 7 नोव्हेंबर 2024 रोजी चेसने बाल्टिमोर रेव्हन्सविरुद्ध 11 झेल, 264 यार्ड आणि 3 टचडाउन अशी कामगिरी केली. झेलाला पूर्ण गुण असलेल्या लीगमध्ये तिचे 55.4 गुण होतात आणि झेलाला गुण नसलेल्या लीगमध्ये 44.4. एवढ्या मोठ्या दिवशी हा फरक कोणाला बोचत नाही. पण 6 झेल आणि 62 यार्डांच्या साध्या दिवशी तेच गुण एकीकडे 12.2 आणि दुसरीकडे 6.2 होतात, म्हणजे एकीकडे दिवस निभावतो आणि दुसरीकडे वाया जातो. जो रिसीव्हर आखूड अंतराचे पुष्कळ झेल घेतो तो पहिल्या प्रकारच्या लीगमध्ये सोन्यासारखा, आणि लांबच्या तीन-चार चेंडूंवर जगणारा दुसऱ्या प्रकारात तुलनेने बरा, हे ध्यानात ठेवावे.

आधी टार्गेट मोजावेत

रिसीव्हरच्या दिशेने फेकलेल्या प्रत्येक पासला टार्गेट म्हणतात, मग तो झेलला जावो वा न जावो. माझ्या मते आठवड्याच्या अंदाजात निम्मे वजन या एका आकड्याला द्यावे. संघाच्या एकूण पासांपैकी चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक एकाच रिसीव्हरकडे जात असेल, तर तो संघ त्याच्यावर विसंबून आहे असे खुशाल समजावे. कूपर कपने 2021 मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सकडून 145 झेल, 1,947 यार्ड आणि 16 टचडाउन केले. ते आकडे आजही डोळे दिपवतात. पण त्यांच्या मुळाशी असलेला आकडा 191 टार्गेटचा आहे. 17 सामन्यांत 191, म्हणजे दर सामन्याला अकराहून अधिक वेळा चेंडू त्याच्याकडे आला. इतक्या वेळा चेंडू येत असेल तर एखादा आठवडा कोरडा गेला तरी पुढचा भरून काढतो.

टार्गेटच्या जोडीला आणखी एक गोष्ट पाहावी: क्वार्टरबॅक पास फेकायला मागे सरकला त्या किती खेपांना आपला रिसीव्हर मैदानावर राहून रूट, म्हणजे झेलासाठी ठरलेली धाव, धावला. हुकमी रिसीव्हर जवळजवळ प्रत्येक खेपेला धावतो. हे प्रमाण एकाएकी घसरले तर दुखापत लपवली जात असण्याची शक्यता असते, आणि ती खूण गुणांच्या तक्त्यात कधीच दिसत नाही. लांब फेकलेल्या चेंडूंचे यार्ड, म्हणजे एअर यार्ड, हेही उपयोगी आहेत: टार्गेट तेवढेच राहून एअर यार्ड भरपूर असतील आणि गुण कमी पडले असतील, तर मोठा दिवस जवळ आला आहे असे मी धरतो.

टचडाउन मात्र लहरी असतात, आणि येथेच बहुतेक जण फसतात. डेट्रॉइट लायन्सच्या कॅल्विन जॉन्सनने 2012 मध्ये 1,964 यार्ड मिळवून एका हंगामाचा विक्रम केला, तोही 16 सामन्यांत. आणि त्या विक्रमी हंगामात त्याचे टचडाउन होते फक्त 5. पुढच्या वर्षी त्याचे यार्ड 1,492 वर उतरले, आणि टचडाउन 12 झाले. खेळाडू तोच, हात तेच, क्वार्टरबॅकही तोच मॅथ्यू स्टॅफर्ड. म्हणून सलग तीन आठवडे टचडाउन झाला नाही म्हणून हुकमी रिसीव्हर विकू नये, आणि सलग तीन आठवडे झाला म्हणून दुसऱ्याच्या रिसीव्हरसाठी घरदार ओतू नये. प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या 20 यार्डांत, ज्याला रेड झोन म्हणतात तेथे, त्याला टार्गेट मिळत आहेत की नाहीत एवढे तपासावे. मिळत असतील तर टचडाउन आज ना उद्या येतील.

दुखापतीची बातमी वाचण्याची रीत

हा भाग मी सर्वांत सविस्तर लिहीत आहे, कारण हुकमी रिसीव्हरच्या बाबतीत खरे नुकसान येथेच होते.

रविवारच्या सामन्यासाठी एनएफएलचे संघ बुधवार, गुरुवार आणि शुक्रवार असे तीन दिवस सरावाचा अहवाल देतात: खेळाडूने पूर्ण सराव केला, मर्यादित केला, की केलाच नाही. शुक्रवारच्या अहवालात त्याच्या नावापुढे शेरा येतो. ‘आउट’ म्हणजे खेळणार नाही. ‘डाउटफुल’ म्हणजे जवळजवळ नाहीच. आणि ‘क्वेश्चनेबल’ म्हणजे नक्की सांगता येत नाही. पूर्वी ‘प्रॉबेबल’ असा चौथा शेरा होता, तो 2016 मध्ये काढून टाकण्यात आला, त्यामुळे हल्लीचा ‘क्वेश्चनेबल’ फार ऐसपैस झाला आहे. सहज खेळणारा आणि खरोखर लंगडणारा असे दोघेही त्याच एका शब्दाखाली येतात. त्यांतला कोण कोणता हे ओळखण्यासाठी शेऱ्यापेक्षा तीन दिवसांची दिशा पाहावी. बुधवारी विश्रांती, गुरुवारी मर्यादित, शुक्रवारी पूर्ण अशी चढती कमान असेल तर निश्चिंत राहावे. बुधवारी मर्यादित सराव केलेला खेळाडू शुक्रवारी सरावालाच आला नाही, तर शेरा काहीही असो, पर्यायी खेळाडू तयार ठेवावा. अमेरिकेतला शुक्रवार दुपारचा हा अहवाल आपल्याकडे रात्री उशिरा येतो; शनिवारी सकाळी चहाबरोबर तो वाचणे सोयीचे.

दुखापत कोठे आहे हेही तितकेच महत्त्वाचे. बोटाला पट्टी बांधून रिसीव्हर खेळतो आणि बऱ्याचदा उत्तम खेळतो. मांडीच्या मागच्या स्नायूचे, म्हणजे हॅमस्ट्रिंगचे, तसे नाही. रिसीव्हरची सगळी मदार थांबल्या जागेवरून सुसाट सुटण्यावर आणि सुटता सुटता एकदम वळण्यावर असते, आणि तोच स्नायू त्या क्षणी ताणला जातो. मिनेसोटा व्हायकिंग्जच्या जस्टिन जेफरसनला ऑक्टोबर 2023 मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सविरुद्ध ही दुखापत झाली. त्याला जखमींच्या राखीव यादीत टाकण्यात आले. त्या यादीत गेलेल्या खेळाडूला किमान 4 सामने बाहेर राहावेच लागते, पण तो मुकला 7 सामन्यांना. 10 डिसेंबरला तो परतला तेव्हा अनेकांनी डोळे मिटून त्याला संघात घेतले. लास वेगासमधल्या त्या सामन्यात छातीवर जोरदार तडाखा बसून तो 2 झेल आणि 27 यार्डांवर बाहेर गेला, म्हणजे झेलाला पूर्ण गुण धरून 4.7 गुण. व्हायकिंग्जने तो सामना 3-0 असा जिंकला. छातीचा मार हा निव्वळ योगायोग होता, हे खरे. तरीही मोठ्या दुखापतीनंतरच्या पहिल्या सामन्यात नेहमीच्या अपेक्षेतून मी चौथा हिस्सा वजा करतो, आणि ज्या आठवड्यात हरलो तरी चालेल अशी स्थिती असेल त्या आठवड्यात त्याला बसवूनही ठेवतो. पुढच्या आठवड्यांत जेफरसन सावरला, आणि 10 सामने खेळूनही त्याने त्या वर्षी 1,074 यार्ड पूर्ण केले.

चेंडू फेकणारा, समोरचा संघ आणि वारा

क्वार्टरबॅक जायबंदी झाला की रिसीव्हरच्या मालकाच्या पोटात गोळा येतो. ती भीती निराधार नाही, पण ती मोजून घ्यावी. नोव्हेंबर 2023 मध्ये बेंगल्सच्या जो बरोच्या मनगटाला दुखापत होऊन त्याचा हंगाम संपला आणि जेक ब्राउनिंग हा राखीव क्वार्टरबॅक आला. 4 डिसेंबरला जॅक्सनव्हिल जॅग्वार्सविरुद्ध त्याच ब्राउनिंगकडून चेसने 11 झेल, 149 यार्ड आणि 1 टचडाउन घेतला, म्हणजे 31.9 गुण. नवखा क्वार्टरबॅक गोंधळला की आपल्या सर्वांत भरवशाच्या माणसाकडेच चेंडू फेकतो. त्यामुळे टार्गेट टिकून राहतात, फक्त लांबचे पास आणि टचडाउन कमी होण्याचा संभव असतो. पहिला पूर्ण सामना पाहून मग मत बनवावे.

समोरच्या संघाने आजवर रिसीव्हरना किती गुण दिले याचे तक्ते सर्वत्र मिळतात. हंगामाच्या पहिल्या चार-पाच आठवड्यांत त्यांच्यावर विसंबू नये, कारण एका तगड्या संघाशी गाठ पडली की सगळी सरासरी बिघडते. त्यापेक्षा बचाव कसा खेळतो हे पाहावे. मागे दोन सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागचे बचावपटू, खोल ठेवणारा संघ लांबचे पास तोडतो आणि आखूड झेल देऊन टाकतो. तेथे झेलाला गुण देणाऱ्या लीगमध्ये नुकसान कमी होते. एखादा संघ आपला सर्वोत्तम कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरवर पहारा ठेवणारा बचावपटू, सावलीसारखा रिसीव्हरच्या मागे लावतो. तेथे आपला रिसीव्हर मैदानाच्या कडेलाच उभा राहतो की आतल्या बाजूला स्लॉटमध्येही जातो हे महत्त्वाचे, कारण आत-बाहेर फिरणाऱ्याला एकाच माणसाने बांधून ठेवणे कठीण असते. सोबतचा दुसरा रिसीव्हर खेळत आहे का, हेही पाहावे. तो नसेल तर टार्गेट वाढतात, पण दुहेरी पहारेकरीही वाढतात. खऱ्या अर्थाने हुकमी रिसीव्हरच्या बाबतीत पहिली गोष्ट दुसरीवर मात करते, असा माझा अनुभव आहे. चेसने 264 यार्ड मिळवले त्या सामन्यात त्याचा जोडीदार टी हिगिन्स जायबंदी होता. त्याआधी 6 ऑक्टोबरला त्याच रेव्हन्सविरुद्ध चेसने 10 झेल, 193 यार्ड आणि 2 टचडाउन केले होते. एका हंगामात दोनदा समोर येणाऱ्या संघाविरुद्धचा पहिला सामना म्हणूनच आवर्जून पाहावा.

हवामानाबाबत थोडक्यात. जूनच्या चिखलात फुटबॉल पाहत वाढलेल्या गोवेकराला पावसाची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे, पण पावसाने पासांचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते वाऱ्याने. ताशी 30 किलोमीटरच्या वर वारा असेल तर लांबचे पास कमी होतील असे धरावे. मिनेसोटा आणि डेट्रॉइटची मैदाने छपराखाली आहेत, तेथे हा प्रश्नच नाही.

बसवावे की खेळवावे

माझे उत्तर स्पष्ट आहे. अंगाने धड असलेला हुकमी रिसीव्हर प्रतिस्पर्धी कितीही कठीण असला तरी बसवू नये. हे मी स्वतः पोळून निघाल्यावरही म्हणतो. 2022 च्या हंगामात जेफरसन माझ्या संघात होता. त्या वर्षी त्याने 128 झेल आणि 1,809 यार्ड करून दोन्ही बाबतींत एनएफएलमध्ये पहिला क्रमांक पटकावला. 13 नोव्हेंबरला बफेलोमध्ये चौथ्या डाउनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात, 18 यार्ड हवे असताना प्रतिस्पर्ध्याच्या हातातून एका हाताने ओढून घेतलेला त्याचा झेल मी अजून डोळ्यांसमोर आणू शकतो. त्या सामन्यात त्याचे 10 झेल, 193 यार्ड आणि 1 टचडाउन होते, म्हणजे 35.3 गुण. आमच्या लीगची अंतिम लढत सतराव्या आठवड्यात, 1 जानेवारी 2023 रोजी होती. व्हायकिंग्जचा सामना ग्रीन बेमध्ये, आपल्याकडे 2 जानेवारीच्या पहाटे 2 वाजून 55 मिनिटांनी. जेफरसनने 1 झेल घेऊन 15 यार्ड मिळवले, म्हणजे 2.5 गुण, व्हायकिंग्ज 17-41 असे हरले आणि मीही हरलो. आज तोच निर्णय पुन्हा घ्यायचा झाला तरी मी त्यालाच खेळवीन. जो खेळाडू एका दिवशी 35 गुण देऊ शकतो त्याला बसवून, 10 गुणांची आशा असलेल्याला घेणे म्हणजे हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागणे होय.

निर्णय बदलायचा तो त्याच्या भोवतीच्या जागांत. आपल्या हुकमी रिसीव्हरचा आठवडा अवघड दिसत असेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्या जागी खात्रीचे, दर आठवड्याला आठ-दहा गुण देणारे खेळाडू ठेवावेत. त्याचा आठवडा सोपा असेल तर तेथे धोका पत्करावा. प्रत्येक संघाला 18 आठवड्यांत 17 सामने असतात आणि एक आठवडा सुट्टी. त्या सुट्टीची तारीख हंगाम सुरू होतानाच लिहून ठेवावी आणि पर्यायी खेळाडू एक आठवडा आधी मिळवावा, कारण ऐन वेळी सगळे त्याच्याच मागे धावतात.

पैशांविषयी एवढेच की आमची लीग पैसे न लावता चालते, आणि ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केल्यानंतर दुसरा विचार करण्याचे कारणही उरलेले नाही.

गोव्याचे घड्याळ

रविवारचे पहिले सामने आपल्याकडे रात्री 10.30 ला सुरू होतात. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे मागे जातात, तेव्हापासून 11.30 ला. कोण खेळणार नाही याची अंतिम यादी सामन्याच्या 90 मिनिटे आधी जाहीर होते, म्हणजे रात्री 9 वाजता, आणि नोव्हेंबरपासून 10 वाजता. ही वेळ चुकवू नये. आमच्याकडे ती जेवणाची वेळ आहे, म्हणून फोनवर गजर लावून ठेवतो, आणि आईला आता त्याची सवय झाली आहे.

अडचण येते ती रविवार रात्रीच्या सामन्याची. तो आपल्याकडे सोमवारी पहाटे 5.50 ला सुरू होतो आणि त्याची यादी 4.20 ला येते; नोव्हेंबरपासून दोन्ही एक तास उशिरा. आपला रिसीव्हर त्या सामन्यात असून ‘क्वेश्चनेबल’ असेल, तर एक तर पहाटे उठावे, नाही तर त्याच सामन्यातला किंवा मंगळवारी सकाळच्या सामन्यातला एखादा खेळाडू राखीव ठेवावा, म्हणजे पाववाल्या पोदेराचा भोंपू ऐकून जाग आल्यावरही बदल करता येतो. बहुतेक लीगमध्ये प्रत्येक खेळाडूची जागा त्याचा स्वतःचा सामना सुरू झाल्यावरच गोठते. म्हणून शुक्रवारी पहाटे (अमेरिकेतल्या गुरुवारी रात्री) खेळणारा रिसीव्हर कधीही फ्लेक्सच्या जागी ठेवू नये. त्याला रिसीव्हरच्याच जागी ठेवावे आणि फ्लेक्समध्ये सर्वांत उशिरा खेळणारा खेळाडू घालावा. फ्लेक्समध्ये रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा), रिसीव्हर, टाइट एंड (अडवणारा आणि झेलणाराही) यांपैकी कोणीही चालतो, त्यामुळे ऐन वेळी कोणी बाद झाला तर पर्याय तिपटीने वाढतात. शुक्रवार पहाटेच्या सामन्यासाठी ही सगळी मांडणी गुरुवारी रात्री झोपण्यापूर्वी पूर्ण करावी.

सामने संपल्यावर गुणांचा तक्ता उघडण्याआधी एका वहीत तीन आकडे लिहावेत: रिसीव्हरला मिळालेले टार्गेट, तो धावलेले रूट आणि रेड झोनमधले टार्गेट. आतेभाऊ आता हे स्वतः करतो. सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत वहीचे एक पान भरते, आणि मग कोणी देवघेवीचा प्रस्ताव पाठवला की तो आधी ते पान उघडतो.